आल्याचं पाणी

पाटी निनादनं रंगवली, पुतण्यानं.
हिरव्या अक्षरांत 'डिटॉक्स',
खाली बारीक: आलं, लिंबू, पुदिना.
मी म्हटलं, नुसतं आल्याचं पाणी लिही की.
तर म्हणाला, काकू, त्याला वीस रुपये कोण देईल?

पहाटे दादरला पुलाखाली
साताऱ्याचं आलं गोणीतून ओततात.
मी एक पेर मोडून बघते.
कट्‌कन मोडलं तर घ्यायचं,
दोरे लोंबले तर ठेवायचं.
साल खरवडायला जुना चमचा आहे,
ह्यांच्या औषधाचा.

माटुंग्याला, फाइव्ह गार्डनच्या कोपऱ्यावर
सहाला झाकण उघडलं की वाफ वर जाते
आणि चालणारी माणसं थांबतात.
कोरे बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ.
गाला वहिनी म्हणतात, कालच्या लग्नात फारच झालं.
एक बँकेतले साहेब रोज विचारतात,
ह्यानं लिव्हर साफ होतं ना?
जसं काही लिव्हर म्हणजे चाळीची गॅलरी,
कुणी बादली ओतल्याशिवाय
तशीच पडून राहायची.

काय सांगू?
रक्त धुतात कसं, ते मी बघितलंय.
परळला, तिसऱ्या मजल्यावर,
मंगळ, गुरु, शनि, चार-चार तास.
एक नळी लाल घेऊन जायची, एक लाल परत आणायची.
त्यातलं धुतलेलं कुठलं, मळलेलं कुठलं,
रंगावरून मला कधी कळलं नाही.
मशीन कपाटाएवढं.
सिस्टर जेसी म्हणाली होती,
हेच काम मुठीएवढी दोन मूत्रपिंडं करतात,
झोपेत. फुकट.

पाणी दिवसाला एक लिटर,
वरणातलं, चहातलं धरून.
मे महिन्यात ओठांची सालं निघायची.
तेव्हा मी आल्याची चकती कापायची,
कॅलेंडरच्या पानाएवढी पातळ,
आणि ह्यांच्या जिभेखाली ठेवायची.
तोंडाला पाणी सुटायचं,
घरचं, हिशेबात न धरायचं.
हे डोळे मिटून म्हणायचे, आलं.
आलं म्हणजे हे आलं,
की आलं म्हणजे पाणी,
मी कधी विचारलं नाही.

मग एका सोमवारी साहेबांना
सांगूनच टाकलं एका दमात:
आलं पोटाला ऊब देतं, मळमळ बसवतं,
जड जेवण पुढे सरकायला हात लावतं. बस.
आतली धुणीभांडी करणारे आत आहेत,
त्यांच्या सुट्ट्या नसतात.
आपण पाणी भरून ठेवायचं,
आणि त्यांच्या डोक्यावर रोज पार्टी टाकायची नाही.
रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असाल
तर डॉक्टरला विचारा, माझ्या पाटीला नको.

ते पेला धरून उभेच.
मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक.
तर म्हणाले, चवीला बरं आहे पण. अजून एक द्या.
सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तसं झालं,
तेही आल्याच्या गाडीवर.
पाटी मात्र तीच आहे अजून.
निनादला वाईट वाटेल.

साडेनऊला टोप रिकामा.
चोथा घरी कढीपत्त्याच्या कुंडीला.
तळाचा अर्धा पेला मी पिते,
गार झालेला, लिंबाची बी दाताखाली.
मग नाक्यावरच्या शौचालयात जाते.
पाच रुपये. कडी लागत नाही,
दार एका हातानं धरून बसावं लागतं.
आणि कुणी न सांगता,
सुई न टोचता, नळी न जोडता
मोकळं होतं सगळं.
क्षणभर तशीच बसून राहते.

बाहेरची पोरगी सुट्टे शोधत होती.
दहाची नोट दिली, म्हटलं,
राहू दे गं.